उशी, किल्ली आणि कवळी

प्रिय धाकटे,

“लहान मुलं विसरतात गं ताई,” तू म्हणाली होतीस. तुझा एक पाय बसच्या पायरीवर होता, बॅगेचा पट्टा दारात अडकला होता, कंडक्टर “चला बाई, चला” करत होता आणि तू पट्टा सोडवता सोडवता, माझ्याकडे न बघता हे बोललीस. मला तेव्हाच वाटलं, ही माझी नव्हे, स्वतःचीच समजूत घालते आहे. तुझी लेक मुंगी तेव्हा माझ्या घरी गाढ झोपली होती. समोरच्या दारातले ड्रायव्हरकाका, ज्यांच्याशी तोवर माझं ‘जिन्यातला दिवा गेलाय का’ यापलीकडे बोलणं नव्हतं, त्यांना तिच्यापाशी बसवून मी तुला पोचवायला आले होते. ती जागी असती तर तुझा पाय निघाला नसता. नवरा असा अर्ध्यात सोडून गेलेला, हाताला काम नाही, आणि जे मिळालं ते इतक्या लांब, तेही वसतिगृहात राहायच्या अटीवर, जिथे पोर ठेवायची सोय नाही. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. जुनं उकरायला मी बसलेले नाही, एवढं आधीच सांगते. नाहीतर पहिला परिच्छेद वाचूनच तू कागदाची घडी करून ठेवशील. तुला मी ओळखते.

पंधरा दिवसांमागे फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस. तुला बढती मिळाली, दोन खोल्या मिळाल्या, तिथल्या शाळेत मुंगीचं नाव घातलंस आणि सुट्टी संपायच्या आत येऊन तिला नेणार आहेस, हे ऐकून मला आनंद झाला. खरंच झाला. चष्म्याच्या दुकानात मालकांनाही मी लगेच सांगितलं. पण त्यानंतर तू म्हणालीस, “एकदम तोडलेलं बरं, ताई. ती इथे रुळेपर्यंत तू फोन करू नकोस. भेटायला तर वर्षभर येऊच नकोस. महिनाभर रडेल, मग विसरेल. तिला एकच घर असू दे, एकच आई असू दे.” मी म्हणाले, “बरं.” तुला ठाऊक आहे, समोरून कुणी ठामपणे बोललं की माझ्या तोंडून ‘बरं’ निघतं आणि काय बोलायला हवं होतं ते भांडी घासताना सुचतं. तर आज भांडी घासून झाली आहेत. मुंगी खाली खेळते आहे. कुणाला तरी दटावतेय, आवाज जिन्यातून वर येतोय. ती वर येईपर्यंत लिहून होईल असं वाटलं होतं, पण हे लांबणार.

तुला माहीत आहे ती मुंगी चार वर्षांची. फोनवर ऐकतेस ती “मी बरी आहे, जेवले, तू कशी आहेस” एवढीच. त्यात तिचा दोष नाही, फोनवर ती माझ्यावर गेली आहे. मधली तीन वर्षं तुला कुणी नीट सांगितलीच नाहीत. सुरुवातीची सांगितली असती तर तू हातातलं टाकून परत आली असतीस, आणि मग तुम्ही दोघी माझ्याच एका खोलीत, माझ्याच पगारावर, एकमेकींची तोंडं बघत बसला असतात. म्हणून मी ‘सगळं ठीक’ म्हणत राहिले. तू तिला न्यायच्या आधी ते तुला कळायला हवं.

तू गेलीस त्या दिवशी ती उठली, खोलीभर फिरली, न्हाणीघरात डोकावली, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि दाराला पाठ लावून बसली. रडली नाही. मी काकांना म्हणाले, बघा, किती शहाणी आहे. काका म्हणाले, “ही शहाणी नाही हो बाई. ही पहारा देतेय.” आणि तसंच होतं. तिने झोपणंच सोडलं. डोळे जड व्हायला लागले की स्वतःच्या दंडाला चिमटे काढायची. आपण झोपलो की माणसं जातात, एवढं तिचं तिने शोधून काढलं होतं. अंथरूण ओलं व्हायचं. पाव दिला की अर्धा खाऊन अर्धा खिशात. एकदा मी कामावर निघताना तिने माझ्या मनगटाला चावा घेतला, लटका नव्हे, चांगला रक्त येईपर्यंत. मी तसाच रुमाल बांधून दुकानात गेले आणि मालकांना काच लागली म्हणून सांगितलं.

मग घरातून चपला नाहीशा व्हायला लागल्या. प्रत्येकाची एकच. माझी एक चप्पल पलंगाच्या गादीखाली सापडली. मीटर बघायला आलेल्या माणसाचा बूट आम्ही अर्धा तास शोधला आणि तो शेवटी पिठाच्या डब्यात निघाला. तो बिचारा पांढरा पाय घेऊन गेला. कोण आलं की ती त्याच्या पायांकडे बघायची, तोंडाकडे नाही. मी तिला रागावणार होते, हातही उगारला होता. ड्रायव्हरकाकांनी मला बाजूला सारलं आणि गुडघे कुरकुरत असताना तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, “चपलेला काय धरतेस वेडे? चपला माझ्याकडे दोन जोड आहेत. एक अडकवलीस तर दुसरी घालून पसार होईन.” मग तोंडात बोटं घालून त्यांनी वरची कवळी काढली, शर्टाला पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली. पुढचं ते दातांशिवाय बोलल्यामुळे कुणालाच कळलं नाही. तीनदा विचारल्यावर कळलं की हिच्याशिवाय मला पाव चावता येत नाही, आता मला यावं लागेल की नाही ते तूच सांग. आणि ते पेपर आणायला निघून गेले, नाक्यापर्यंत.

मुंगी ती कवळी कपात ठेवून दाराशी बसली. काका परत आले, कवळी धुतली, बसवली, आणि तिच्यासमोर कडक बिस्किट कुडुम् करून तोडलं. धाकटे, तुझी मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. माझ्या घरात कुणी हसण्याचा तो बऱ्याच दिवसांतला पहिला आवाज होता, म्हणून मला तो अजून ऐकू येतो.

तेव्हापासून आमच्या जिन्यात एक रीतच पडली. बाहेर पडणाऱ्याने मुंगीपाशी काहीतरी ठेवून जायचं. तिचा प्रश्न ठरलेला, “काय ठेवून जातेस?” आणि ती वस्तू अशी हवी की तिच्यावाचून त्या माणसाचं अडलं पाहिजे. यात ती भलतीच कडक होती. वरच्या मजल्यावर एक नर्स राहते, सगळे तिला सिस्टर म्हणतात, तिची बहुतेक रात्रपाळी. तिने केसांची पिन देऊ केली तर मुंगी म्हणाली, “अशा तुझ्याकडे डबाभर आहेत, मी पाहिल्यात.” मग सिस्टर रोज संध्याकाळी आपली उशी काखेत मारून खाली यायची आणि मुंगीच्या स्वाधीन करून कामाला जायची. सकाळी दमून परत आली की आधी आमच्या दारात, “द्या बाई माझी उशी, मान मोडली माझी.” तिच्याशी त्याआधी मी कधी बोललेही नव्हते. एकाच जिन्याने चढत उतरत होतो, पण माणूस शेजारी राहतं म्हणून शेजारी होत नाही. आम्हाला तुझ्या पोरीने एकमेकींच्या दारात आणलं.

माझं काय झालं ते ऐक. शाळा सुरू झाली तेव्हा वर्गाच्या दारात तिने माझा हात धरून ठेवला आणि तोच प्रश्न. शाळेतल्या बाई मला खुणावत होत्या, निघा, मागे बघू नका, दोन मिनिटांत गप्प होते. माझा पाय हलेना. मला दुसरं काही सुचलं नाही, मी डोळ्यांवरचा चष्मा काढून तिच्या दप्तरात ठेवला. ती लगेच आत गेली. मी मात्र भिंतीला धरत धरत दुकान गाठलं. तुला आठवतं ना माझं काम, काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं? ते मी त्या दिवशी चाचपडत केलं. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले आणि म्हणाले, “बाई, तुमचा चष्मा लावला की माझी बायको आहे त्याच्या जरा डावीकडे दिसते.” मी डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली होती. मालकांनी काचा बदलून दिल्या, वर त्यांना “दोन दिवस तेवढीच शांतता मिळाली असेल” असं म्हणून हसवून पाठवलं, आणि मग माझ्याकडे वळले. “चष्म्याच्या दुकानातली बाई बिनचष्म्याची? उद्या मला टाळं लावायला लावाल.” कारण कळल्यावर खणातून एक जुना, साध्या काचांचा चष्मा काढून म्हणाले, “हा ठेवत जा तिच्याकडे, तिला काय कळतंय.” मुंगीने तो डोळ्यांना लावून पाहिला आणि परत दिला. “यातून सगळं नीट दिसतं. तुझ्या चष्म्यातून धूर दिसतो. हा तुझा नाही.” मालकांना हे सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले की हिला मोठी झाली की माझ्याकडे गल्ल्यावर बसवा. शेवटी मी घराची किल्ली द्यायला लागले. आमच्याकडे किल्ली एकच होती. म्हणजे तिला घेतल्याशिवाय मलाही घरात जाता येणार नाही. तो सौदा तिला पटला.

हे सगळं गमतीचं वाटेल, आणि लिहिताना मलाही हसू येतंय, पण तेव्हा नाकी नऊ यायचे. असंही समजू नकोस की एक कवळी दिली आणि पोरगी सुधारली. एक पाऊल पुढे की दोन मागे. शाळेतल्या एका मुलीची आई आजारी पडून घरी राहिली तर ही पुन्हा अंथरूण भिजवायला लागली. तुझा फोन एखाद्या रविवारी चुकला की सोमवारी कुणाचं तरी डोकं फुटायचं, बहुतेक शेजारच्या बाकावरच्याचं. तुला मी तेव्हा काही बोलले नाही, तुझ्या कामाच्या पाळ्या मला माहीत होत्या. अशा दिवशी काका तिला घेऊन बस थांब्यावर जाऊन बसायचे. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, प्रत्येक बसचा नंबर बघून सांगायचे की ही कुठे जाते, वाटेत काय लागतं, आणि वळून परत इथेच कशी येते. तिथे बसून तिला आकडे यायला लागले. वाचता यायला लागलं तेही बसच्या पाट्यांवरून. ती आता पेपर मोठ्याने वाचते, बातम्या नाही, जाहिराती.

आणि केव्हातरी, नेमकं केव्हा ते मला सांगता येणार नाही, ती सैल पडली. एका संध्याकाळी सिस्टर उशी घेऊन आली तर मुंगी म्हणाली, “राहू दे. तुझी मान दुखते. तू येतेसच.” सिस्टर उशी पोटाशी धरून जिन्यातच उभी राहिली. तिला बरं वाटायला हवं होतं, पण मला म्हणाली, “ताई, जरा चुटपुट लागली हो.” मग शाळेच्या दारात किल्लीही परत मिळायला लागली. काकांनी मात्र आपली कवळी द्यायचं सोडलं नाही. तिला गरज होती म्हणून नव्हे. त्यांना निघताना कुणीतरी हवं होतं, असं मला आता वाटतं.

गेल्या थंडीत ते गेले, एवढंच मी तुला फोनवर सांगितलं होतं. कसं ते सांगितलं नव्हतं. दुपारची वेळ, छातीत दुखायला लागलं, सिस्टर घरी होती, तिने गाडी बोलावली. स्ट्रेचरवरून खाली नेताना त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि तोंडातून कवळी काढली. मला वाटलं श्वास घ्यायला त्रास होतोय म्हणून. त्यांनी ती मुंगीकडे धरली. तिने दोन्ही हात पुढे केले. ते दवाखान्यात होते तितके दिवस ती कवळी आमच्या खिडकीत कपात होती आणि मुंगी सकाळ संध्याकाळ पाणी बदलायची. कपाला कुणाला हात लावू द्यायची नाही.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी तिचीच काळजी लागली. मी सिस्टरला म्हणाले, आपण सांगू, काका मुलाकडे राहायला गेले. सिस्टर रात्रपाळी करून आली होती, डोळे लाल होते, पण माझ्यावर अशी उखडली की काय सांगू. “आणि मुलाकडे बिनदातांचे गेले का? ती विचारेल ना. ताई, इतकी वर्षं आपण तिला काय सांगत आलो? आज एक थाप मारलीत तर उद्या तुमची किल्लीही तिला खोटी वाटेल.” मग तिनेच मुंगीला मांडीवर घेऊन सांगितलं, न रडता, सरळ शब्दांत. मुंगीने फक्त एक विचारलं, “त्यांना यायचं होतं का?” सिस्टर म्हणाली, “खूप यायचं होतं. मला विचारत होते, पोरीने पाणी बदललं का म्हणून.” 

मग ती रडली. तू गेलीस तेव्हाचं, चपलांचं, सगळं साठलेलं त्यात असावं. पण या वेळी दाराला पाठ लावून नाही बसली. माझ्या मांडीत रडली, सिस्टरच्या रडली, काकांची सून आली होती, तिला ती ओळखतही नव्हती, तिच्याही कुशीत शिरून रडली. मालक दुकान बंद करून आले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, एवढा जाडा माणूस. रात्री ती झोपली. धाकटे, ती झोपली, यात तुला काही विशेष वाटणार नाही, पण मला आणि सिस्टरला माहीत होतं ते काय आहे. दुसऱ्या दिवशी ती स्वतः तो कप घेऊन काकांच्या मुलाकडे गेली. म्हणाली, “हे काकांचं द्यायचं राहिलं. पाणी आजचंच आहे.” तो मुलगा म्हणजे चांगला पन्नाशीचा बाप्या, कप हातात घेऊन जिन्यावर मटकन बसला.

त्यानंतर आठवडाभराने मी तिची वेणी घालत होते. माझ्याकडे पाठ होती तिची. तिने विचारलं, “मावशी, आईने जाताना काय ठेवलं होतं?”

तीन वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं. मी वेणी सोडून परत घालायला घेतली. तू काहीच ठेवलं नव्हतंस, तुझं काही ठेवण्यासारखं उरलंच कुठे होतं? तुझे ते केशरी रुमाल, जुना कंगवा, असं काही आणून दाखवावं असं क्षणभर मनात आलं. पण ती धुरकट चष्मा ओळखणारी पोर. मी म्हणाले, “तुला ठेवलं होतं. माझ्यापाशी.” तिने बोटाला रिबीन गुंडाळली आणि सोडली. मग म्हणाली, “म्हणजे तिचं माझ्यावाचून अडतं.” मी म्हणाले, “हो.” “मग ती येणार,” ती म्हणाली आणि वेणीला रिबीन लावायला हात मागे केला. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगत सुटली आहे की आई मला सोडवायला येणार आहे. दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. तो म्हणाला, “कुठल्या तुरुंगात आहेस?”

तेव्हा तुला सांगायचं ते हे की तुझी मुलगी तयार आहे. तिची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, तिनेच भरली, तिच्यात तीन वेळा अदलाबदल झाली. तिथे गेल्यावर ती रडेल, ते रडू दे. “रडू नको” म्हणू नकोस, नुसती जवळ बस. कामावर निघताना झोपलेली असली तरी उठवून सांगून जा, कुरकुर करेल, तरी उठव. यायला उशीर होणार असेल तर आधी कळव. तुझ्या शेजारी कोण राहतं ते मला माहीत नाही, तुलाही बहुधा नसेल, तू दमून येतेस आणि दार लावून घेतेस. ते दार जरा उघडं ठेव. एकट्या आईच्या जिवावर मूल मोठं होतं, पण मग त्या आईच्या चेहऱ्यावर जरा ढग आला की त्याला सगळं आभाळ पडल्यासारखं वाटतं. मुंगीला माणसं लागतात, आणि ती मिळवायची कशी हे तिला येतं. तू फक्त आडवी येऊ नकोस. ती पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी घरात शिरून त्यांच्या पातेल्यात काय शिजतंय ते विचारून येईल. शरमू नकोस.

आणि तुझं ते तोडण्याचं. मला लिहायला बसताना वाटत होतं की तुला बजावून सांगावं, असं केलंस तर पोर मोडेल. पण ते खरं नाही, आणि इतकं सगळं लिहून झाल्यावर आता खोटं कशाला लिहू? ती मोडणार नाही. मी फोन केला नाही तरी ती महिनाभर वाट बघेल, तुला दहादा विचारेल, आणि मग मावशीला यायचं होतं पण येता आलं नाही असं तिचं ती ठरवेल आणि शाळेत जाईल. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला तेवढं शिकवलं आहे. तू म्हणतेस ते तिच्या बाबतीत जमून जाईल.

माझ्या बाबतीत जमणार नाही. हे लिहायला मला एवढे कागद लागले.

काकांच्या खोलीत आता एक जोडपं आलं आहे, दोघंही भले आहेत, दार बंद असतं. सिस्टरला दुसऱ्या शहरात मोठ्या दवाखान्यात जागा मिळाली, पुढच्या महिन्यात ती जाते आहे, उशीसकट, असं तीच म्हणाली. मुंगी यायच्या आधी मी कशी जगत होते ते मला आठवतं. कामावरून आले की रेडिओ लावायचा, ओट्याशी उभ्याने जेवायचं, एक ताट कशाला घ्या म्हणून पातेल्यातच. रविवारी दिवसभर कुणाशी बोलले नाही हे सोमवारी मालकांना ‘नमस्कार’ म्हणताना आवाज फुटला नाही की लक्षात यायचं. मला त्यात वाईटही वाटत नव्हतं. तेव्हा दुसरं काही माहीतच नव्हतं ना. आता आहे. परवा मी पाव आणायला गेले आणि सवयीने आठ मागताना, मुंगी गेल्यावर चारच लागतील, हे मनात येऊन दुकानात उभी राहिले, मागच्या माणसाने “बाई, ठरवा लवकर” म्हणेपर्यंत.

म्हणून तुला न विचारता मी एक केलं आहे. गेल्या आठवड्यात मुंगीला सिस्टरपाशी ठेवून मी तुझ्या गावी आले होते, एका रात्रीसाठी. मालकांच्या ओळखीचं तिथे चष्म्याचं दुकान आहे, काचा बसवायला माणूस हवा आहे. त्यांनी माझं काम पाहिलं आणि या म्हणाले. दुकानाच्या मागेच एक खोली आहे, लहान आहे, खिडकी गोदामाच्या भिंतीकडे उघडते, मला पुरेल. तुझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून. मी तुझ्या गल्लीत आले नाही. टोकाला उभी राहिले होते, तुझ्या गॅलरीत निळी चादर वाळत होती, ती आपल्या आईची, मी ओळखली आणि परत फिरले.

तू म्हणशील, ताई, मी काय सांगितलं आणि तू काय करतेस? तिला दोन आया नकोत, तुझं खरं आहे. मी आई म्हणून येत नाही. तू बोलावल्याशिवाय तुझा उंबरा ओलांडणार नाही, शाळेपाशी उभी राहणार नाही, तिच्या शिकण्यात, जेवण्यात, तुझ्या रागावण्यात तोंड घालणार नाही. रस्त्यात भेटली तर भेटली. तिने मला मावशी म्हटलं नाही, चष्मेवाल्या बाई म्हटलं, तरी चालेल. त्या दुकानदाराने महिनाअखेरपर्यंत जागा थांबवली आहे. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे, तुझ्या जागी मी असते तर मीही म्हणाले असते, आणि तू नाही म्हणालीस की मी ‘बरं’ म्हणेन. तरी विचारते. मला तुमच्या चार गल्ल्या पलीकडे राहायला येऊ देशील?

तुझीच,
ताई